आईने नेमलेल्या तारखा

मला पाळी आली, असं आईने आत्याला सांगितलं तेव्हा मी नववीत होते आणि मला पाळी आलेली नव्हती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती शेजारच्याच बिऱ्हाडात राहायची. तिला एखादी गोष्ट सांगितली की जुन्या पनवेलच्या आमच्या आळीत ती आणखी कुणाला सांगावी लागत नसे. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका माझ्याकडे बघून उगाचच गालात हसायला लागल्या होत्या.

आईने असं का केलं ते कळायला आत्याला ओळखायला हवं. आत्या दुष्ट नव्हती. दुसऱ्याच्या घरातली काळजी ती स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची आणि मग त्या घराला सुखाने जेवू द्यायची नाही, एवढंच. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून ‘शहाण्या’ झाल्या, आत्याची मुलगी माझ्याहून लहान असून झाली, आणि मग भाजी निवडता निवडता आत्याचं रोजचं सुरू झालं. “अजून नाही का गं हिला? दाखवून तरी घ्या एकदा. काही कमी-जास्त असलं तर उद्या लग्नाच्या वेळी कोण निस्तरणार?” आता वाटतं, दाखवून घ्या म्हणाली ते तिचं अगदी बरोबर होतं. पण ती ते ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात कुणी देवाला जा म्हटलं तरी माणूस गेला नसता.

आई गोरीमोरी व्हायची. डॉक्टरकडे न्यावं तर दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं बसलेलं असणारच, आणि न न्यावं तर वन्संचं तोंड बंद कसं करायचं. शेवटी एका सकाळी तिने मला न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला, नारळ आणि खण घालून ओटी भरली आणि कानात म्हणाली, “आज ना उद्या येणारच आहे. चार दिवस आधी सांगितलं म्हणून काही बिघडत नाही.” आत्याने रव्याचे लाडू केले. मी ते हावरटासारखे खाल्ले. छान झाले होते.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते दर महिन्याला निभवावं लागणार, हे आईच्या लक्षात मागाहून आलं. आमच्याकडे बाजूला बसायची पद्धत होती. कावळा शिवला की मागच्या गॅलरीत सतरंजी, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी. आत्याला आमची गॅलरी तिच्या मोरीच्या खिडकीतून सरळ दिसायची. तेव्हा मला बसवणं भाग होतं. आईने माझ्या तारखा नेमल्या. स्वतःच्या पाळीनंतर आठवड्याभराने माझी, कारण दोघी एकदम बसलो तर स्वयंपाक कोण करणार? सण बघून ती तारीख मागे-पुढे करायची. गणपतीत मला कधी अडचण आली नाही, नवरात्रात नाही, दिवाळीत तर नाहीच. आत्या त्याचंही कौतुक करायची. “पोरीचं अंग मोठं गुणी आहे हो,” म्हणायची, आणि आई पदराने तोंड पुसायची.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तीन दिवस भांडी नाहीत, केर नाही, गॅलरीत लोळून वाचत पडायचं. आई रोज एक-दोन कोरी फडकी भिजवायची, पिळायची आणि परकराच्या आड वाळत टाकायची, अगदी खऱ्यासारखी. शाळेत मी मैत्रिणींना सल्लेसुद्धा द्यायची. घडी कशी घालायची, डाग पडला तर पाठीला दप्तर कसं लावायचं, सगळं मी ऐकीव माहितीवर ठोकून द्यायची आणि त्या बिचाऱ्या ऐकायच्या.

पण त्याच सुमारास माझं पोट दुखायला लागलं. ओटीपोटात, कमरेत, मांड्यांपर्यंत. दर महिन्याला यायचं, काही दिवस राहायचं आणि जायचं. ते आईने नेमलेल्या तारखांना यायचं नाही, स्वतःच्या तारखांना यायचं. म्हणजे मी ठणठणीत असताना गॅलरीत झोपलेली, आणि कळा येत असताना धुणं वाळत घालायला उभी. आई ओवा द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. “वात असेल,” म्हणायची. पाळीचं दुखणं पाळीशिवाय कसं असेल, असा विचार तिच्याच्याने झाला नाही. माझ्याच्यानेही झाला नाही. शरीराच्या त्या भागाला आमच्या घरात शब्दच नव्हता. ‘खाली’ म्हणायचे. खाली म्हणजे कुठे, तिथे काय काय असतं, किती वाटा असतात, हे ना मला माहीत होतं ना आईला, आणि तिने तर मला जन्म दिला होता.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर पोट खालच्या बाजूने कडक लागायला लागलं. परकराची नाडी पुरेना. दुखणं आता येऊन जाऊन नव्हतं, ते ठाण मांडून बसलं होतं. शौचाला त्रास, लघवीला त्रास, अभ्यासाला बसलं की कमरेत चमक. आई इतकी घाबरली होती की माझ्या तारखा ती विसरली. एक महिना मला गॅलरीत बसवायचं राहिलं, मग दुसराही तसाच गेला. आत्या काही विसरली नव्हती.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिच्याकडे लक्ष्मीची पूजा असायची आणि कुमारिका म्हणून मला जेवायला बोलावणं असायचं. त्या दिवशी मी पाटावर बसताना कण्हले. आत्या माझ्याकडे बघत राहिली. जेवणं झाल्यावर तिने मला आतल्या खोलीत नेलं, “बघू गं,” म्हणून माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि पटकन काढून घेतला. तिने मला काही विचारलं नाही. माझी ओटी भरायची राहिली ती राहिलीच.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. घरात माझी आणि बाबांची जोडी होती. ते बेलापूरला एका सरकारी कचेरीत होते. संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधी मला हाक मारायचे, “काय वकीलसाहेब, आज कुणाची केस?” मी फार वाद घालायची म्हणून वकीलसाहेब. तळ्याकाठी त्यांनी मला त्यांच्या मोठ्या सायकलवर शिकवलं होतं, लोक नावं ठेवत असताना. मला जगात कुणाला काय वाटतं याची पर्वा नव्हती, बाबांना सोडून. ते माझ्यावर विश्वास ठेवतात, हे मी इतकं गृहीत धरून होते की तसा कधी विचारसुद्धा केला नव्हता.

त्या संध्याकाळी ते आले आणि त्यांनी हाक मारली नाही. आत्या आधीच येऊन बसली होती. मला मागे गॅलरीत पाठवलं आणि मधलं दार लोटून घेतलं. त्या दाराला फट होती, आणि नसती तरी ऐकू आलंच असतं.

“दोन महिने झाले, बसलेली नाही,” आत्या म्हणाली. “आणि पोट बघ तिचं. मी हात लावून बघितलंय.”

मग आईचा आवाज आला. “वन्सं, तसं काही नाही. तिला अजून आलीच नाहीये. एकदासुद्धा नाही. मी खोटं सांगितलं होतं.”

“मग वर्षभर गॅलरीत बसायची ती काय वारा खायला?”

आईने सगळं सांगितलं. तारखा कशा ठरवायची, फडकी कशी भिजवायची, सगळं. रडत रडत सांगितलं. आणि ते खरं असूनही इतकं वेडगळ वाटत होतं की मी दाराआड उभी राहून ऐकताना मलाच लाज वाटली. असली हकिकत कुणी कशासाठी रचेल, असं बाबांना वाटायला हवं होतं. त्यांना उलटं वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, “मुलीला वाचवायला तू काहीही सांगशील.”

मी दार ढकललं. “बाबा,” म्हटलं. एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तोंडाकडे नाही, पोटाकडे बघितलं, आणि म्हणाले, “आत जा.”

मला विचारा ना. एवढंच मला म्हणायचं होतं. ओरडा, थोबाडीत मारा, पण मला विचारा. मी वाद घालणारी मुलगी, आणि त्या दिवशी मुकाट्याने आत गेले. अंथरुणावर पडून मी वाट बघत राहिले की ते आता येतील आणि विचारतील. ते आले नाहीत.

पेणला आमचं कुणी नव्हतं, म्हणून पेण ठरलं. एका बाई डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि त्या कुठे काही बोलत नाहीत, असं आत्याने कुठून तरी काढलं. सकाळच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. आई आणि मी मागे, बाबा पुढच्या बाकावर, अनोळखी माणसासारखे. आदल्या संध्याकाळपासून मला लघवी झाली नव्हती. बस गचके खायची आणि मला डोळ्यांपुढे काळोख यायचा. आईने माझा हात धरला होता, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात बाबा आधी एकटे आत गेले. आत आणि बाहेर यांच्या मध्ये नुसता पडदा होता. “डॉक्टर, काय असेल ते मोकळं करून टाका,” ते म्हणाले. “बाहेर कळता कामा नये. मुलगी शाळेत आहे.” डॉक्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बाबांचं मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं, आणि आजही कुणी ‘मोकळं करा’ म्हणालं की मी तिथून उठून जाते.

डॉक्टरांनी मला टेबलावर घेतलं आणि आईला विचारलं, “शेवटची पाळी कधी?” आणि बघा सवय कशी असते. आदल्या दिवशी सगळं कबूल करून बसलेली आई पटकन म्हणाली, “दिवाळीआधी.” मग तिचं तिलाच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग मला विचारलं, “तू सांग गं. तुला पाळी कधी आली आहे का?”

मी म्हटलं, “नाही. कधीच नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

त्यांनी आधी नळी घालून अडकलेली लघवी काढली. मग तपासलं, आणि तपासता तपासता मला सांगत गेल्या, एखाद्या मोठ्या बाईला सांगावं तसं. लघवीची वाट वेगळी असते, पाळीची वेगळी, ती जरा मागे. पाळीच्या वाटेच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. जवळजवळ सगळ्या मुलींमध्ये त्या पडद्याला जन्मापासूनच छिद्र असतं, लहान-मोठं, कसंही. क्वचित एखादीला ते नसतं. तुला नाहीये. म्हणजे पाळी तुला दर महिन्याला येत होती, वेळच्या वेळी, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती. सगळं आत साठत गेलं, म्हणून पोट फुगलं आणि त्याच्या दाबाने लघवी अडली. छोटं काम आहे, आज करू. मी विचारलं, “माझं काही चुकलं का?” त्या म्हणाल्या, “पोटात असताना सगळ्यांचंच सगळं नीट घडतं असं नाही. त्यात तुझं काय चुकणार?”

भूल उतरली तेव्हा मी वॉर्डात होते. आत साठलेलं सगळं काढलं होतं, काळं, काकवीसारखं घट्ट, असं आई नंतर सांगायची. पोट सपाट झालं होतं आणि दुखत नव्हतं. न दुखणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. आया म्हणून एक खेड्यातल्या बाई होत्या, त्या माझं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, “रडू नको गं पोरी, आता काय नाय. सुटलीस तू.” मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर दारातच आई-बाबांशी बोलत होत्या. “ती गरोदर नाही,” त्या म्हणाल्या. “असणं शक्यच नव्हतं. वर्षभर आधी आणली असतीत तर पोरीचे एवढे हाल झाले नसते.” बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आईने खालच्या आवाजात विचारलं, “पण तो पडदा कापला म्हणजे... उद्या लग्नात काही...” डॉक्टरांचा आवाज चढला. त्या म्हणाल्या, त्या पडद्यावरून कुठल्याच बाईबद्दल काही कळत नाही. कुणाचा खेळताना ताणतो, कुणाचा मुळातच नावाला असतो, कुणाचा लग्नानंतरही तसाच दिसतो. तो बघून मुलीची पारख करणाऱ्या घरात मुलगीच देऊ नका.

मला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या मनात एकच आलं. माझ्याच शरीरात ते छिद्र नव्हतं, म्हणून मी सुटले. इतर मुलींसारखी मी नीट घडलेली असते आणि दुसऱ्या कशाने माझं पोट फुगलं असतं, एखादी गाठ असती, तर गरोदर नाही एवढं कळलं असतं, पण मी डोकं आपटलं असतं तरी बाबांच्या मनातला संशय गेला नसता. त्यांना माझा शब्द पुरला नाही, ती कातडी पुरली. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत मांडता आलं नव्हतं, पण कळलं होतं.

बाबा खाटेपाशी आले. “बरं वाटतंय?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, “काही खायला आणू?” मी नको म्हटलं. ते जरा वेळ खाटेचा दांडा धरून उभे राहिले आणि चहा आणायला गेले.

घरी आल्यावर आत्याने पुन्हा लाडू केले. “मला मेलीला काय ठाऊक,” म्हणाली, डोळ्यांत पाणी आणलं, दुसऱ्यांदा माझी ओटी भरली, आणि आठवड्याभरात तिच्या लेखी विषय संपला. या बाबतीत मला तिचा हेवा वाटतो. आईचंही हळूहळू सुटलं. पुढच्या महिन्यात मला खरी पाळी आली तेव्हा तिने गॅलरीत सतरंजी घातलीच नाही. आत्या खिडकीत आली, बघितलं आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर आमच्या घरात कुणीच बाजूला बसलं नाही.

बाबांचं मात्र सुटलं नाही. वकीलसाहेब गेले ते गेलेच. माझ्यासाठी ते काय वाटेल ते आणायचे, आंब्याची पहिली पेटी माझ्यापुढे ठेवायचे, कॉलेजसाठी मला मुंबईला जायचं होतं तर सगळ्यांशी भांडून पाठवलं. पण मी खोलीत आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं. मला माफी नको होती. आपल्याकडे बाप मुलीची माफी मागत नाहीत, आणि मागितली असती तर मीच लाजेने पळाले असते. मला नुसतं एवढं हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, चूक झाली, मी तुला विचारायला हवं होतं. मी इतकी वर्षं वाट बघितली की वाट बघतेय हेही विसरले. रागाची सवय झाली. त्यांच्याशी मीही कामापुरतं बोलायला लागले, आणि आमचं पूर्वी किती जमायचं हे बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न झालं आणि काही वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. नवीन पनवेलला एक प्रसूतिगृह होतं. दुपारी कळा सुरू झाल्या. आई रिक्षात माझ्याबरोबर, बाबा मागून स्कूटरवर, थर्मास आणि कपड्यांची पिशवी घेऊन. आत घेतल्याबरोबर नर्सने विचारायला सुरुवात केली. रक्तदाब? साखर? खालच्या बाजूला आधी कधी काही ऑपरेशन झालंय का?

“नाही हो,” आई म्हणाली. “काही नाही. सगळं अगदी वेळच्या वेळी.”

मला कळ आली होती. मी खाटेचा दांडा धरून दात आवळले होते, बोलता येत नव्हतं. बाबा दारात उभे होते, पुरुषांना आत यायला मनाई होती म्हणून उंबऱ्याच्या बाहेर. ते नर्सला म्हणाले, “सिस्टर, तिलाच विचारा. आम्हाला विचारू नका. ती सांगेल ते खरं.”

कळ ओसरल्यावर मी सगळं सांगितलं, पेणचं, पडद्याचं, आणि नर्सने मान डोलावली. मी दाराकडे बघितलं तेव्हा बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले होते.

मुलगी झाली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, पेढे वाटले. दारातल्या त्या वाक्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं मी बारशापर्यंत लांबवलं, मग सासरी जाण्यापर्यंत, मग दिवाळीपर्यंत. इतक्या वर्षांनी कसं काढायचं, हेच मला सुचेना. पुढच्या वर्षी ते कचेरीतून येता येता गेले, हृदयविकाराने, कुणाला काही करायला वेळ न देता. ते दारातून बोलले तेव्हा मला कळा येत होत्या, माझे डोळे मिटलेले होते, आणि मला वाटतं, मी ते ऐकलंच नाही अशा समजुतीतच ते गेले.